पुसलेले चौसष्ट आवाज

तो आमच्या दुकानात शिरला तोच मुळी आडवा. फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं साडेतीन फुटी काहीतरी हातात, आणि आमचं दार अरुंद. आधी तो सरळ आला आणि अडकला. मग मागे गेला, तिरका झाला, पुन्हा अडकला. मी काउंटरमागून बघत होते. उठून मदत करावी असं वाटलं होतं, नाही असं नाही, पण गंमत त्याहून जास्त वाटत होती. शेवटी खेकड्यासारखा चालत तो आत आला, ओझं काउंटरवर ठेवलं आणि कपाळावरचे केस मागे सारत म्हणाला, "मामा आहेत?"

"मामा माझे आहेत," मी म्हटलं. "तुमचं काय काम आहे?"

तो हसला. हसला म्हणजे आधी डोळे हसले, तोंडाला जरा उशिरा कळलं. मला ते आवडलं. लगेच आवडलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण कामाच्या वेळी असलं काही आवडून घेणं मला परवडत नाही.

खरं तर त्या दिवशी मी काउंटरवर असायलाच नको होते. वाद्यं दुरुस्त करायचं दुकान मामांचं. मी गेली सात वर्षं मागच्या खोलीत, टेबलावरच्या दिव्याखाली, हातात डाग द्यायची सोल्डरिंग गन घेऊन बसते. गिऱ्हाइकांशी मामा बोलतात. माझी जीभ कशी आहे हे त्यांना माहीत आहे. ते मला उगाच ठिणगी म्हणत नाहीत. पण मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसवलं, आणि मी आपसूक पुढे आले.

चादर सुटली. आत एक जुना सिंथेसायझर होता. वरून पियानोसारख्या पट्ट्या, पण पट्ट्यांच्या वर नॉबच नॉब, आणि एक छोटासा हिरवा पडदा. नुसते सूर वाजवणारं हे यंत्र नव्हे. यात आवाज घडवता येतो, आणि मनासारखा घडला की साठवून ठेवता येतो. या मशीनमध्ये चौसष्ट आवाजांची जागा होती आणि चौसष्टही भरलेल्या होत्या. सहा वर्षांत एकेक करून त्यानेच भरल्या होत्या. दिवसा तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी लहान मुलांच्या नाटकांना साथ करायचा. वर्षभर पडद्यावर 'बॅटरी संपत आली' असं येत होतं, आज बदलू, उद्या बदलू करत त्याने टाळलं होतं, आणि आता नऊ दिवसांवर नवं नाटक आलं होतं.

"उद्या संध्याकाळी न्या," मी म्हटलं. तो गेल्यावर चादरीची घडी घातली. मनातल्या मनात त्याला चादरवाला असं नावही ठेवून झालं.

आता माझा पराक्रम ऐका. या जुन्या मशीनच्या पोटात रुपयाएवढी एक बॅटरी असते. मशीन बंद असतानाही साठवलेले आवाज तिच्या जिवावर टिकतात. म्हणून ती काढण्याआधी केबल लावून सगळे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे असतात. हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं, बाळबोध काम. मी मशीन उघडलं, गाणं गुणगुणत दोन डाग सोडवले, जुनी बॅटरी उचलली, टेबलावर ठेवली... आणि केबल भिंतीवरच्या खिळ्याला जशीच्या तशी लटकलेली दिसली.

नवी बॅटरी बसवून मशीन सुरू केलं, पहिल्या जागेवर गेले, पट्टी दाबली. भोंगा. दुसऱ्या जागेवरही तोच भोंगा. चौसष्ट जागा मी एकेक करून तपासल्या, जणू शेवटच्या जागेत तरी कुणी दया येऊन काहीतरी मागे ठेवलं असेल.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी सगळं खरं सांगणार होते. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण तो त्याच उशिराच्या हसण्याने आत आला, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "बॅटरी आधीच मेलेली होती. आवाज गेले."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाशी मला चांगलं भांडता येतं. तो नुसता स्टुलावर बसला. बराच वेळ पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "चूक माझीच. वर्षभर टाळत होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि म्हणूनच पुढचं वाक्य मी घाईघाईने बोलून गेले: नाटकाला किती आवाज लागतात? सोळा? मग रोज संध्याकाळी दोन. इथे या, माझ्याकडे यंत्रं आहेत, कॉम्प्युटर आहे, आपण नव्याने करू. तालमीचं रेकॉर्डिंग होतं एका मोबाइलवर, पण त्यात मुलांचा दंगाच जास्त ऐकू येत होता. म्हणजे सगळी भिस्त त्याच्या आठवणीवर आणि माझ्या कानांवर.

"तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" त्याने विचारलं.

"दुकानाची पद्धत आहे," मी म्हटलं. एकदा खोटं बोललं की दुसरं फार सोपं जातं.

तो रोज साडेसहाला येऊ लागला. तिसऱ्या दिवसापासून मी सहालाच घड्याळ बघायला लागले, हे कुणाला सांगू नका. आवाज घडवायचा म्हणजे आधी एक कच्चा सूर घ्यायचा, नुसता भोंगा. मग फिल्टरने त्याची धार कापायची. तो दबकत सुरू व्हावा की धाडकन, किती वेळ रेंगाळावा, कसा विरावा, हे एकेका नॉबने ठरवायचं. वरून हवा असेल तर थोडा थरथराट. सांगायला सोपं आहे. पण त्याच्या नाटकात चालणारं घर होतं, शिंकणारी बोट होती, आणि एक हत्ती.

"आज हत्तीची जांभई," तो म्हणाला.

"कशी असते?"

"कधी ऐकली नाहीत?"

"आमच्या गल्लीत हत्ती कमी आहेत."

मग त्याने स्टुलावर बसल्या बसल्या, डोळे मिटून, खांदे पसरून, अशी काही जांभई दिली की मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. हसू आवरल्यावर मी दोन जाडे सूर घेतले आणि एकाला दुसऱ्यापासून केसभर हलवलं. दोन सूर तंतोतंत जुळले की आवाज सपाट वाटतो. किंचित चुकलेले असले की तो भरतो, त्यात जीव येतो. हे मी त्याला समजावून सांगितलं, तर तो माझ्याकडे बघत म्हणाला, "माणसांचंही तसंच असतं का?"

"मी माणसं दुरुस्त करत नाही," मी म्हटलं. पण फिल्टर उघडायला गेलेला माझा हात त्याच्या हाताला लागला आणि दोघांपैकी कुणीच तो नॉब लगेच सोडला नाही. हत्तीने मात्र त्या नादात फारच लांब जांभई दिली.

एकदा मी त्याला कॉम्प्युटरवर तेच मशीन दाखवलं. हल्ली अशी सॉफ्टवेअर मिळतात; पडद्यावर हुबेहूब तेच नॉब, तेच दिवे, आणि एक बटण दाबलं की आवाज कायमचा जपून ठेवला जातो. बॅटरी नाही की रडारड नाही. हे घे, सुखी होशील, असं मी अगदी मनापासून सांगितलं. त्याने माऊसने दोन नॉब पिळून पाहिले आणि म्हणाला, छान आहे, पण हातमोजे घालून खाजवल्यासारखं वाटतं. तरी त्यानंतर प्रत्येक आवाज झाला की आम्ही केबल लावून तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचो. केबल मीच लावायचे. त्याला हातही लावू द्यायचे नाही.

चौथ्या संध्याकाळी पाऊस केला. आकाश कोरडं ठणठणीत होतं. मशीनमध्ये नुसती खरखर निघते, रेडिओवर स्टेशन लागत नाही तशी. ती घेतली, फिल्टर हळूहळू मिटवत आणला, वर थेंबांचे ठिपके टाकले. पत्र्यावरचा पाऊस झाला. आवाज मोठा केला तशी शेजारच्या लाँड्रीवाल्या काकू "कपडे, कपडे" करत मागच्या दोरीकडे धावल्या. सगळे कपडे काखोटीला मारून त्यांनी वर पाहिलं, आणि मग आमच्या दुकानाकडे पाहिलं. आम्ही दोघं टेबलाखाली लपलो होतो. तिथे, वायरींच्या गुंत्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले असताना तो हळूच म्हणाला, "तू हसलीस की नाकाने हसतेस." तुम्हीवरून तूवर आम्ही कधी आलो ते मला आठवतच नव्हतं.

मी त्याच्या प्रेमात पडले होते. उगाच आडपडदा कशाला? आणि जितकी पडत होते तितकं ते खोटं वर येत होतं.

पाचव्या दिवशी तो उशिरा आला. आत्याचा फोन होता म्हणाला. मशीन मुळात आत्याचं. ती वीस वर्षं वाद्यवृंदात वाजवायची. बोटं आखडायला लागली तेव्हा तिने ते याला दिलं, आणि एवढंच बजावलं की सांभाळता येत असेल तरच ठेव. याने काय करावं? तिने फोनवर चौकशी केली, तर या सत्यवादी माणसाने सांगून टाकलं की स्वतःच्याच हलगर्जीपणामुळे बॅटरी मेली आणि सगळे आवाज गेले. आत्या नाटकाला येणार होती. नाटक संपलं की मशीन घरी घेऊन जाणार होती.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मी सांभाळलं नाही." आणि हसायला गेला. या वेळी डोळे हसले नाहीत.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून "चहा घेणार?" एवढंच बाहेर आलं. सहाव्या दिवशी ठरवून बसले, तर बोटीची शिंक इतकी झकास जमली की त्याने आनंदाने माझे दोन्ही हात धरले, आणि धरलेले हात सोडवून घेऊन असलं काही सांगायला दगडाचं काळीज लागतं. सातव्या दिवशी दोन आवाज होताच मी डोकं दुखतंय म्हणून दुकान बंद केलं. मी, जिला सगळे फटकळ म्हणतात, ती मी.

आठव्या संध्याकाळी सोळावा आवाज झाला. खालच्या बाजूची एक पट्टी अधूनमधून मुकी राहत होती, तेवढी साफ करून मशीन मिटायचं होतं. तो टॉर्च धरून उजेड दाखवत होता. मी पट्ट्यांचा अख्खा सांगाडा पहिल्यांदाच बाहेर काढला, तर तळाला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. आमच्या दुकानाचा तसा शिरस्ताच आहे. मशीन मिटण्याआधी काय केलं ते पेन्सिलने लिहून आत चिकटवायचं, पुढे जो कुणी उघडेल त्याच्यासाठी. गिऱ्हाईक ते कधीच बघत नाही, म्हणून त्यात खोटं लिहायचं कारण नसतं. अक्षर मामांचं होतं, सोळा वर्षांपूर्वीचं.

'मेमरीची बॅटरी बदलली. आवाज आधी उतरवून घेतले नाहीत, सगळे गेले. चूक माझी. बाईंना सांगितलं.'

मी ते तीनदा वाचलं. शेवटचे दोन शब्द तर पाच-सहादा. माझ्या मामांच्या हातून हे झालं होतं, आणि हे दोन शब्द लिहिण्याआधी ते त्या बाईंसमोर उभे राहिले होते.

ड्रॉवरमधून मी कोरी चिठ्ठी काढली आणि त्याच्यासमोरच लिहिलं. तारीख घातली. बॅटरी बदलली. आवाज उतरवून घेतले नाहीत. चूक माझी. पुढे पेन्सिल सरकेना. मग मी ती चिठ्ठी तशीच त्याच्या हातात दिली.

त्याने वाचली. उजेड तळहातावर पडला होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"म्हणजे बॅटरी चालू होती," तो म्हणाला.

"हो. मी काढली तेव्हा चालू होती."

"आणि मी आत्याला सांगितलं की..."

"तू मला पाचव्या दिवशी सांगितलंस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. मला भीती वाटली, तू पुन्हा येणार नाहीस."

त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली, टॉर्च विझवला, तोही ठेवला. तालीम आहे, जातो, एवढंच म्हणाला आणि गेला. मशीन तिथेच राहिलं. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि पोटभर रडले. लाँड्रीवाल्या काकू चौकशीला आल्या, तर त्यांनाही चार शब्द सुनावले.

सकाळी उठून मुकी पट्टी साफ केली आणि मशीन मिटायला घेतलं. चिठ्ठीवर शेवटचं वाक्य लिहिलं: 'सांगितलं, पण आठ दिवसांनी.' ती मामांच्या चिठ्ठीशेजारी चिकटवली, स्क्रू पिळले, चादर गुंडाळली आणि टेम्पोत मशीनला मांडीवर घेऊन नाट्यगृहात गेले. तो येईल की नाही याची वाट बघत बसणं माझ्याच्याने झालं नसतं. आणि आत्याला गाठायचं होतं.

आत्या रिकाम्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चणीने लहान, केस कापलेले, पायात खेळाडूंसारखे बूट. मशीन त्यांच्यापुढे ठेवून मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मी कोण, काय केलं, किती दिवस लपवलं. तुमच्या भाच्याने मशीन नीट सांभाळलं होतं, हात माझा चुकला, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका, माझ्यावर काय रागवायचं ते रागवा. एका दमात बोलले. मध्ये थांबले असते तर पळून गेले असते.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, मामांचा डोळा कसा आहे?

बरा आहे, मी चाचरत म्हटलं.

"तुझ्या मामांनी माझे सगळे आवाज पुसले तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते," आत्या म्हणाल्या. "पण मशीन कायम त्यांच्याचकडे नेलं. ज्याने सांगितलं, त्याच्याकडे नाही न्यायचं तर कुणाकडे? त्यांना सांगायला आठ मिनिटं लागली, तुला आठ दिवस. शिकशील." एवढं बोलून त्या उठल्या, चादर स्वतः सोडली आणि विंगेकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलंस ना? ये आता बाहेर. मशीन तुझ्याकडेच राहील."

तो पडद्याच्या कडेला उभा होता. किती वेळापासून, देव जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीन उचललं आणि आत नेलं.

नाटक झालं. मी सर्वांत मागे उभी राहिले, सुटायला सोपं म्हणून. पाऊस पडला तेव्हा पुढची दोन पोरं वर बघायला लागली. हत्तीने जांभई दिली आणि अख्ख्या प्रेक्षागृहातल्या मुलांनी त्याच्यामागून जांभया दिल्या, मग एकमेकांकडे बघून खिदळत सुटली. त्या गोंधळात त्याने मान वर करून मागे, थेट माझ्याकडे बघितलं. मला हुंदका आला आणि मी नाकाने हसले, दोन्ही एकदम.

सगळे गेल्यावर तो खाली आला. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला.

"राग आलाय मला," तो म्हणाला.

"येऊ दे. हक्काचा आहे."

"पुसल्याचा नाही. लपवल्याचा."

"माहीत आहे." मी म्हटलं. "किती दिवस राहील?"

त्याने विचार केल्यासारखं केलं. "उद्या दुपारपर्यंत तरी."

"मग त्याच्या आतच सांगून टाकते, नाहीतर पुन्हा आठ दिवस जातील माझे." मी समोरच्या रंगमंचाकडे बघत बोलले, त्याच्याकडे बघायची छाती नव्हती. "मला तू आवडतोस. म्हणजे — खूपच. पहिल्या दिवशी दारात अडकला होतास, तेव्हापासून. आता तुझं काय ते तू ठरव."

मग एक खुर्ची कुरकुरली. तो एक खुर्ची अलीकडे आला होता.

"मलाही एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते सोळा आवाज... मी घरी बसून दोन संध्याकाळींत केले असते."

"काय?"

"सहा वर्षं मीच घडवलेले ना ते? सगळे हाताला पाठ आहेत. कुठला नॉब कुठवर फिरवायचा ते डोळे मिटून सांगेन."

मला समजायला जरा वेळ लागला. मग जी भडकले ती भडकलेच. म्हणजे मी आठ संध्याकाळी कान फाटेस्तोवर भोंगे ऐकले ते उगाच? 'अजून जरा उघड', 'नाही, असा नव्हता', 'परत एकदा कर', हे सगळं सोंग? मी इथे अपराधाने अर्धी झाले, झोप उडाली, शेजारणीशी भांडले, आणि हा साळसूद माणूस मला खुशाल नाचवत होता? माझ्यावर खोटं बोलल्याचा राग धरून बसायला याला तोंड तरी आहे का? मी उठून उभी राहून बोलत होते. रंगमंचावर झाडणारी बाई झाडू थांबवून ऐकायला लागली.

त्याने मला मध्ये एकदाही तोडलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्याने माझा हात धरला, अंगठ्यावरच्या भाजल्याच्या जुन्या डागावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाला, "आवाज करायला मी येतच नव्हतो. तू असायचीस म्हणून यायचो. उद्यापासून यायला कारण उरलं नाही, म्हणून काल घरी जाऊन मी रडलो. राग होताच, पण रडलो त्यासाठी."

मी खाली बसले. त्याच्या शेजारच्याच खुर्चीत. आता तरी काहीतरी बोल, असं तो म्हणत होता, पण माझ्याकडे बोलायला एक शब्द नव्हता, आणि असं माझ्या आयुष्यात त्याआधी कधीच झालं नव्हतं.